भरतीची नदी

किनारपट्टीच्या नद्यांवर संशोधन करणाऱ्या ज्या विभागात ती शिकवायची, त्याचे प्रमुख म्हणजे तिचे सासरेच. घरी बाबा, विभागात सर. शहाणपणा मात्र दोन्हीकडे सारखाच. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी तपासायला सर नेहमी भरतीलाच निघायचे, कारण ओहोटीला होडीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं आणि सरांचे बूट पांढरेशुभ्र. भरतीला समुद्र नदीत घुसतो, हे ते पहिल्याच तासाला फळ्यावर चित्र काढून शिकवायचे. मग तोच समुद्र बाटल्यांत भरून आणायचे आणि नदी स्वच्छ असल्याचा अहवाल ठोकून द्यायचे. ते पाणी खारट का, यावर त्यांचा आणखी एक शोधनिबंध होता.

एकदा न राहवून तिने सरांच्या भर वर्गातच हा विषय काढला.

"मॅडम, विज्ञानात सातत्य लागतं," सर म्हणाले. "इतकी वर्षं भरतीला गेलो. आता ओहोटीला गेलो तर तुलना कशाशी करायची?"

विद्यार्थ्यांनी ते वाक्य मुकाट्याने उतरवून घेतलं. तिचं मात्र डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती गुडघाभर चिखलात उतरली, वरून वाहत येणारं काळं पाणी बाटलीत भरलं आणि तडक सरांच्या टेबलावर नेऊन झाकण उघडलं. सरांनी नाकाला रुमाल लावला.

"अगं, नमुना नासलाय हा. फेकून दे."

"कुठे फेकू? नदीत?"

"नदीतच," सर रुमालाआडून म्हणाले, "पण भरती बघून."