आधी घड्याळ

कोपरगावच्या यज्ञेश्वर जोशीगुरुजींनी गेल्या महिन्यात विजयमालाबाईंना संकष्टी एक दिवस आधीच सांगितली. बाई बिचाऱ्या तृतीयेला उपाशी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीनं चूक दाखवल्यावर पुन्हा उपाशी. "गुरुजी, या महिन्याला चतुर्थी दोनदा आली व्हय?" असं त्यांनी भर बाजारात विचारलं. तेव्हापासून गुरुजी यजमानांकडे जाईनासे झाले.

त्यांच्या मुलाला, सुहासला, अण्णांचं हे असं बसून राहणं बघवेना. त्यानं पुण्याहून एक जुनापुराणा कॉम्प्युटर आणला, त्यात तारीख-वार सांभाळणारं घड्याळाचं कार्ड बसवलं आणि पंचांगाचा प्रोग्राम लिहिला. अण्णांनी सकाळी बटण दाबावं, तिथी-वार वाचावा आणि कुणाला न विचारता निघावं. विसराळूपणाचा विषय मात्र काढायचा नाही, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

पण यंत्र रोज उठायचं ते १ जानेवारी १९८० लाच!

"त्र्याण्णव साली ऐंशी? हे तर माझ्याही वरताण निघालं," अण्णा खूश झाले.

चौथ्या दिवशी सुहासला पडद्यावर भर्रकन सरकणारी ओळ दिसली: घड्याळासाठी जागा नाही.

"अण्णा, चालू होताना याला एकेक ड्रायव्हर आत घ्यावा लागतो. प्रत्येक भागाची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम."

"कुठल्या क्रमानं घेतलेस?"

"आधी मराठी अक्षरं, मग प्रिंटर, माउस, शेवटी घड्याळ. तोवर मेमरी भरून जाते."

"गाढवा, जोश्याच्या घरात जन्मलास ना? संकल्पात नाव-गोत्र आधी सांगतो का आपण? आधी संवत्सर, मास, तिथी, वार. मग तू कोण ते!"

सुहासनं निमूटपणे घड्याळ पहिलं घेतलं, मागून अक्षरं आणि प्रिंटर. माउसला सुट्टी दिली. यंत्र उठलं आणि गुरुवार म्हणालं. बाहेरही गुरुवारच होता.

अण्णा हसले नाहीत. पडद्याकडे बघत बसले.

"माझंही असंच झालंय रे. चाळीस वर्षांची सूक्तं, स्तोत्रं आत ठाण मांडून बसलीत. वार येतो शेवटी, आणि त्याला जागाच नसते."

सुहासनं त्यांची खुर्ची यंत्राच्या आणखी जवळ सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पूजेला बसले. पळी उचलण्याआधी त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हाक मारली, "सुहास, आधी घड्याळ!"

सुहासनं मोठ्यानं तिथी-वार वाचला. अण्णांनी तो संकल्पात घातला, पूजा उरकली आणि पिशवी घेऊन थेट विजयमालाबाईंकडे निघाले.