पाठीवरचं गाव

मी अमेरिकेचा नकाशा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, इंग्रजीच्या वर्गात, खिळ्याला टांगलेला असतो. मला वाचता येत नाही. अंगावर काय छापलंय ते मुलांच्या तोंडून ऐकत ऐकत शिकलो. आज भीती वाटतेय, म्हणून बोलतो.

छापून झाल्यावर माझ्या पाठीला जाड पांढरं कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या. आधी भूगोलाच्या वर्गात होतो. पुढे मोबाइल आले आणि मला गुंडाळून कपाटामागं उभं केलं. अंगावर झुरळं फिरायची. मुनव्वर सरांनी तिथून काढून मला ओल्या फडक्यानं पुसलं, लहान बाळाला पुसावं तसं.

सर अमेरिकेच्या कथा-कादंबऱ्या शिकवतात. नुसती गोष्ट सांगून थांबत नाहीत. माझ्यावर बोट ठेवून सांगतात, इथं कापूस पिकायचा, इथं माणसं विकली जायची, मत कुणाला होतं आणि कुणाला नव्हतं. "हे कळल्याशिवाय गोष्ट कळायची नाही," म्हणतात. इतकी वर्षं ते सगळं माझ्या अंगावर होतं आणि मला ठाऊक नव्हतं. त्यांचं बोट तिथं आलं की मला कसंतरी होतं.

एकदा एका कादंबरीतलं गाव आलं. रेल्वेच्या रुळाच्या अलीकडं गोरे, पलीकडं काळे. मेल्यावरही पुरायचं वेगवेगळं. सर म्हणाले, "आता तुमचं गाव काढा. कोण कुठं राहतं, मेल्यावर कुणाला कुठं नेतात."

मागच्या बाकावरचा कृष्णात म्हणाला, "सर, आमच्यात रूळ न्हाईत. गटार चालंल?"

वर्ग हसला. सरही हसले. "चालेल की."

सगळ्यांत नीट गाव रक्षितानं काढलं. ही हातकणंगल्याकडची, बोलायला भित्री. सरांनी मला उलटं केलं. "ह्या कापडावर मोठं काढ, सगळ्यांना दिसेल." तिनं देऊळ, वरची आळी, खालची आळी, तिथली घरं, मधला ओढा आणि दोन स्मशानं काढली. कुणीतरी फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत तो तिच्या गावभर झाला. खाली कॉलेजचं नाव होतं, काढणारीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात सिद्धलिंग अप्पा उभे. रक्षिताचे वडील, गावातलं वजनदार माणूस. आपल्याच मुलीनं काढलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुणी काढलंय हे? आमच्या गावात असलं काय न्हाय. सगळी एक हाय आमी! ज्यानं काढलं त्याचं शिक्षान बंद करायला लावतो. मग ते कुणाचं का पोर असंना."

सरांना नाव माहीत होतं. ते न सांगता त्यांनी अप्पांपुढं खुर्ची सरकवली. रक्षितानं मान खाली घातली होती.

अप्पा माझ्याजवळ आले. कापडाची कड मुठीत धरली. मला वाटलं, फाडलंच मला. पण ते थांबले.

"आन् काढायचं तर धड तरी काढावं की! खालच्या आळीचं स्मशान हितं कुठलं? हितं आमचं हाय. त्यास्नी वड्यापल्याड." मार्कर उचलून त्यांनी खसाखसा खुणा केल्या. "पावसाळ्यात मडं वड्यातनं न्यावं लागतंय. वाट कुठाय तिकडं?" तिकडं वाट नाही हेसुद्धा त्यांनी ओढ्यावर फुली मारून नीट दाखवलं.

मग त्यांचा हात तसाच राहिला. आपण काय काढलं ते त्यांना दिसलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "शेजारची सगळी घरं हायत. आमचंच का न्हाय?"

रक्षिता उठली. "अप्पा, मी काढलंय. आपलं घर काढायला भ्याले."

अप्पा तिच्याकडं वळले. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी मार्कर टेबलावर ठेवला. "घरला ये. मग बगू," म्हणाले आणि निघून गेले.

तिनं तो मार्कर उचलला, देवळाशेजारी एक चौकोन काढला आणि पुढच्या तासाला न थांबता एस.टी. गाठायला गेली.

आता वर्गाला कुलूप आहे. मी अजून उलटाच टांगलेला. घरी काय बोलणं झालं असेल ते मला कळायला मार्ग नाही. सिद्धलिंग अप्पा, मी कागद-कापडाचा जीव. मला फाडायचं तर उद्या येऊन खुशाल फाडा. पण येताना तिला बरोबर घेऊन या.