कोरे समास

गार्नेट थीसनला जड सॉफ्टवेअरचा तिटकारा होता. कॅनडातल्या सस्काटूनच्या लिनक्स मंडळींत हा तिटकारा जवळपास धर्मच समजला जाई, आणि गार्नेट त्यातला कर्मठ. कुणाच्याही जुन्या लॅपटॉपवर तो विंडोज काढून लिनक्स चढवून द्यायचा, तेही फुकट. वर उपदेश करायचा, तोही फुकट.

शेजारच्या वर्ना एपला त्याने असंच बाटवलं होतं. कागदपत्रं वाचायला तिच्या लॅपटॉपवर एक चिमुकला व्ह्यूअर टाकला. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि वर्नाने कॉफी ओतेपर्यंत काम फत्ते. यात फक्त पानं दिसतात, बाकी काही भानगड नाही, असं त्याने छाती फुगवून सांगितलं. दुर्दैव असं की ते अक्षरशः खरं होतं.

त्याच हिवाळ्यात वर्नाने शेतावरच्या लहानपणाच्या आठवणी लिहून काढल्या आणि फोटोंसकट त्यांची पीडीएफ विनिपेगला थोरल्या भावाकडे, कॉर्नीकडे पाठवली. कॉर्नीने बरेच दिवस खपून फाइल परत पाठवली. समासात जागोजागी लिहिलंय, नीट वाच, म्हणाला. वर्नाला एक अक्षर दिसेना. तिने गार्नेटला हाक मारली. त्याने उभ्याउभ्या पानं उलटली आणि निकाल देऊन टाकला: समास कोरे आहेत, म्हातारा सेव्ह करायला विसरला असेल, नाहीतर त्याने काही लिहिलंच नसेल. वर्नाने हेच भावाला फोनवर ऐकवलं. तो भडकला, मग तीही भडकली, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, वाचनालयाच्या तळघरातल्या बैठकीत, नवख्यांना कुठला व्ह्यूअर द्यायचा यावर वाद पेटला. मर्ल बोयको हा एरवी गप्प असणारा माणूस. तो म्हणाला की तो चिमुकला देऊ नका, दुसऱ्याने समासात लावलेल्या चिठ्ठ्या त्यात दिसत नाहीत. चिठ्ठ्या लावतंय कोण, असं म्हणून गार्नेटने त्याला उडवून लावलं. वेग दाखवायला त्याने नेहमीची फोटोंची जड फाइल प्रोजेक्टरने भिंतीवर उघडली. ती वर्नाचीच होती, भावाकडून परत आलेली. तिला न विचारता त्याने कधीच उतरवून घेतली होती. पानं झरझर सरकली. मर्लने त्याच मशीनवर दुसरा व्ह्यूअर टाकला आणि तीच फाइल पुन्हा उघडली.

समास पिवळ्या चौकटींनी भरून गेले होते.

'बोर्श्टच्या सुपात आई शेपू घालायची. तू पार्सली लिहून ठेवलीयस, वेडाबाई.' मंडळी हसली. पुढच्या पानावर होतं, 'या दिवशी बाबा मला मारत होते आणि तू मधे पडलीस. मी कधी बोललो नाही तुझ्याशी त्यावर.' हसू थांबलं. गार्नेट घाईघाईने खिडकी बंद करायला गेला आणि त्या धांदलीत शेवटचं पान उघडून बसला. 'मार्चमध्ये डोळ्याचं ऑपरेशन आहे. फोनवर सांगवत नाही. एकट्याने जायची भीती वाटते. येशील का?'

मर्लने प्रोजेक्टर बंद केला. गार्नेटकडे कुणी पाहिलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

घरी जाताना त्याने मनात एक वाक्य घोळवलं: नवीन अपडेट आलंय, आता चिठ्ठ्या दिसतात. सुरेख वाक्य होतं, कुणाचाच दोष निघत नव्हता. आपल्याला असं वाक्य इतक्या सहज सुचतं, याची त्याला आणखीच लाज वाटली.

वर्नाच्या स्वयंपाकघरात त्याने मान खाली घालून दुसरा व्ह्यूअर टाकला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती शेवटच्या पानापर्यंत वाचत गेली.

"हे आज कुठून आलं?" तिने विचारलं.

वाक्य जिभेवर तयार होतं.

"पहिल्यापासून होतं," गार्नेट म्हणाला. "मी टाकलेल्या व्ह्यूअरला दिसत नव्हतं. आणि मी तपासलंच नाही." मग भिंतीबद्दलही सांगितलं; वाचलं किती जणांनी, तेही.

वर्ना रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फोनवर भावाचा नंबर लावला आणि फोन गार्नेटच्या हातात दिला. "तू सांग त्याला."

सॉफ्टवेअरवर तासन्‌तास बोलणाऱ्या गार्नेटला चार वाक्यं सांगताना घाम फुटला. कॉर्नीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो गार्नेट तूच," तो म्हणाला. "ती तेव्हा म्हणाली होती, गार्नेटने बघितलंय, त्याला कळतं त्यातलं. मला तेवढंच लागलं बघ. सख्ख्या भावापेक्षा शेजाऱ्याचा शब्द मोठा झाला."

"चूक माझी होती. तिची नव्हती."

"ऑपरेशनला टॅक्सीने गेलो मी," कॉर्नी म्हणाला. "दे तिला."

गार्नेटने फोन दिला आणि दाराशी जाऊन बूट चढवायला लागला. मागून वर्नाचा आवाज आला, अगदी बारीक.

"कॉर्नी, कुठला डोळा होता रे?"