ओल्या कोटातला गोळा

आमची लाईन एकेरी. घातली ती खाणीतला दगड न्यायला. लोक दगडांवरच बसून प्रवास करू लागले, तेव्हा कुठे वरच्यांना डबे जोडायची बुद्धी झाली. आजही आमच्या गाडीला पुढे माणसं आणि मागे माल असतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

एकेरी लाईनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक लोखंडी गोळा असतो. दोन्ही टोकांच्या स्टेशनांतली यंत्रं तारेने एकमेकांना जोडलेली, त्यांतून एका वेळी एकच गोळा निघतो. तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, लाईन त्याची. पुढच्या स्टेशनात तो परत यंत्रात पडला, की मगच दुसऱ्या गाडीसाठी गोळा निघतो. मी इथली स्टेशन मास्तर, आणि बाबा ड्रायव्हर.

त्या दिवशी बाबांची शेवटची फेरी होती. इंजिन थांबताच सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. एरवी गोळ्यासाठी आधीच हात पुढे करून उभी राहणारी मी, त्यांच्या गळ्यात पडून रडत बसले. मागायचं भानच राहिलं नाही. बाबा गोळा कोटाच्या खिशात घालून खुशाल घरी गेले.

पलीकडच्या स्टेशनात गाडी खोळंबली. पुढे कावलेली माणसं, मागे बर्फातली मासळी. तिथले मास्तर बाबांचे जुने दोस्त. ते फोनवर समजावू लागले, की लाईन मोकळी आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, गाडी गोळ्याऐवजी नुसत्या लेखी चिठ्ठीवर सोडतो, गोळा मागाहून टाक. गोळा घरी नेल्याचा रिपोर्ट गेला तर बाबांच्या इतक्या वर्षांच्या चोख नोकरीला शेवटच्या दिवशी डाग लागेल.

"लेक आहेस ना त्यांची?" त्यांनी विचारलं.

संताप आला मला, आणि खरं सांगते, मोहही झाला. पण नुसत्या ठाऊक असण्यावर गाड्या सोडायच्या नाहीत, म्हणूनच तर तो गोळा आहे. गाडी सुटणार नाही, मी ठणकावून सांगितलं, आणि रिपोर्ट लिहायला घेतला. आधी माझं नाव, मग बाबांचं.

घरी फोन केला तर आईने कोट केव्हाच साबणाच्या पाण्यात बुडवला होता. आज हा एवढा जड का, असं तिला वाटलंच होतं म्हणे.

बाबा सायकलवरून आले, खांद्यावर निथळता कोट. गोळा यंत्रात पडला, पलीकडे दुसरा निघाला, आणि गाडी सुटल्याचा फोन आला. मग त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट वाचला. माझी मान वर होईना.

"चिठ्ठीचं सुचवलं असेल त्याने."

"सुचवलं. मी नाही म्हटलं. बाबा, तुमचं नाव घालावं लागलं."

त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला, माझं पेन घेतलं आणि आपल्या नावापुढे सही केली.

"सकाळपासून जीव अडकला होता, लाईन कोणावर सोडून चाललोय म्हणून," ते म्हणाले. "आता झालो मी रिटायर."