रबराचा हात

त्या आश्रयघरात कुत्र्याचा निकाल एका रबराच्या हातावर लागायचा. पिवळ्या हातमोज्यात चिंध्या ठासून तो काठीला बांधलेला असे. कुत्रं जेवायला लागलं की म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई तो हात त्याच्या ताटलीत घालायच्या. गुरगुरलं तर एक वेळ चालायचं. चावलं तर त्याला कुणाच्या घरी द्यायचं नाही, आणि पिंजरे बाराच, म्हणून मग मरणाचं इंजेक्शन.

लंगड्या नावाच्या कुत्र्याला तिथल्या कंपाउंडरनेच उचलून आणलं होतं. मागचा पाय गाडीखाली चिरडलेला, पाठीवर कुणीतरी उकळतं पाणी ओतलेलं, जखमेत अळ्या वळवळत होत्या. पाच आठवडे तो चिमट्याने अळ्या वेचत होता, पट्ट्या बदलत होता. पाय वाचला, जरा आखूड राहिला एवढंच. कुत्रं गुणी होतं, कान खाजवले की डोळे मिटून घ्यायचं. फक्त ताटलीजवळ हात गेला की अंगात सैतान शिरायचा. खाताना लाथाच बसलेल्या जिवाला दुसरं काय सुचणार! कंपाउंडरच्या अंगठ्यावर दातांच्या दोन खुणा होत्या, त्या त्याने दारात बोट चेमटलं म्हणून खपवल्या.

"फार जीव लावू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी परीक्षा आहे त्याची."

मग कंपाउंडरला एक युक्ती सुचली आणि स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला. दुपारी सगळे जेवायला गेले की तो कपाटातून रबराचा हात काढायचा, बोटांत कलेजीचा तुकडा खोचायचा आणि ताटलीत सोडायचा. पहिल्याच दिवशी लंगड्याने रबराचा अंगठा फाडला, तो त्याने गुपचूप शिवून टाकला. दहाव्या दिवशी पिवळा हात दिसताच लंगड्या जेवण सोडून शेपूट हलवायला लागला. आता एकदा आपला उघडा हात घालून बघावा, असं कंपाउंडरच्या मनात आलं. त्याने घातला नाही. लबाडी तिथेच झाली, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेत लंगड्याने रबराचा हात चाटूनपुसून स्वच्छ केला. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर सही ठोकली.

त्याला न्यायला एक नवरा-बायको आले. सोबत चार वर्षांची मुलगी होती. "लेकराला काही करणार नाही ना हो?" आईने विचारलं.

"वहिनी, गरीब गाय आहे," कंपाउंडर म्हणाला.

चौथ्या दिवशी मुलीचा बाप लंगड्याला दोरीने फरफटत घेऊन आला. त्याच्या शर्टावर वाळलेलं रक्त होतं.

"त्याच्या ताटलीत बिस्किट ठेवायला गेली होती," तो म्हणाला. "दोन बोटं गेली. उजव्या हाताची." मग कंपाउंडरकडे बघून, आवाज जराही न चढवता तो म्हणाला, "गाय आहे म्हणाला होतात."

कंपाउंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लंगड्या मात्र त्याला बघून आनंदाने उड्या मारत होता.

बाप गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी कपाटातून रबराचा हात काढला आणि उजेडात धरला. अंगठ्यावर जखमेला घालतात तसे काळ्या दोऱ्याचे सहा टाके होते.

"हे टाके तुझे. पेपर फोडलास तू." त्यांनी हात टेबलावर टाकला. "दहा दिवस वेगळा ठेवायचा, पिसाळलेला नाही हे कळेपर्यंत. खायला तूच घालायचंस. अकराव्या दिवशी धरायलाही तूच."

दहा दिवस कंपाउंडरने ताटली काठीने आत सरकवली. एकदाही तो लंगड्याच्या डोळ्यांत बघू शकला नाही.

अकराव्या दिवशी स्पिरिटचा वास आला आणि लंगड्याने टेबलावर दात विचकले. तो कुणाला जवळ येऊ देईना.

"मोजा घाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाहीतर तुलाही फाडेल."

कंपाउंडरने तसलाच पिवळा हातमोजा चढवला आणि हात पुढे केला. लंगड्या त्याच क्षणी गप्प झाला. त्याची शेपूट पत्र्याच्या टेबलावर धपधप आपटायला लागली. त्याने मान निमूट त्या हातावर टेकवली आणि बोटांच्या सांदीत कलेजी शोधू लागला. आज तिथे काही नव्हतं. कलेजी आणायचं कंपाउंडरला सुचलंही नव्हतं, आणि पुढे जन्मभर त्याला तेवढंच छळत राहिलं.

सुई आत गेली. लंगड्या एकेक बोट चाटून बघत होता. तिसऱ्या बोटावर त्याची जीभ थांबली.