पस्तीस दिवसांचे बटाटे

एकोणतीस एप्रिलला, दुपारच्या कॉफीआधी, वृद्धनिवासाच्या फरसबंद अंगणात बावीस काळ्या बादल्या ओळीने मांडण्यात आल्या. प्रत्येकीच्या बुडाला चार भोके, आत वीतभर माती आणि मातीत कोंब वर करून ठेवलेला एक बटाटा. व्यवस्थापिका मॅडेलेन हिने उपक्रमाला ‘वाढते आयुष्य’ असे नाव दिले होते. गावच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला आणि दुसऱ्या दिवशी आल्फहिल्डचा मातीने माखलेला हात चौथ्या पानावर छापून आला. खाली लिहिले होते, ‘आठवणी जाग्या होतात.’

टॉर्ग्नीने ते कात्रण ठेवले नाही. चौतीस वर्षे तो बटाट्याच्या बियाण्याचा सरकारी निरीक्षक होता. मातीत काय जागे होते आणि काय कुजते, याविषयी त्याला वर्तमानपत्राकडून शिकायचे नव्हते. आल्फहिल्ड त्याची बायको. ती तळमजल्यावर, स्मृती गेलेल्यांच्या विभागात. तो दुसऱ्या मजल्यावर. नाताळपासून ती एक शब्द बोललेली नव्हती आणि चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घेई. पण रोज सकाळी तो तिची चाकांची खुर्ची अंगणात नेई, तेव्हा तिची बोटे आपसूक बादलीत शिरत, रोपाला धक्का न लावता मातीखाली चाचपत आणि रिकामी वर येत. एक्कावन्न वर्षे तिने हेच केले होते. घराभोवती एकरच्या एकर बटाटे असतानाही सणाचे पहिले बटाटे मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या बादलीतले, तिच्या हाताने आणि जूनमधल्या, ऐन उन्हाळ्यातल्या मिडसोमरच्या सणालाच निघत. त्याआधी कोणी उकरले, तर ती त्याला जेवणाच्या टेबलावरून उठवी. निरीक्षकालाही तिने दोनदा उठवले होते.

टॉर्ग्नीची अपेक्षा माफक होती. मिडसोमरला बावन्न दिवस होते. लवकर येणारी जात, त्यात आधीच कोंब काढलेली. बावन्न दिवसांत खाण्याजोगे काहीतरी निघते. तिच्या बादलीतले बटाटे शेपू घालून उकडले, तर ती खाईल. यापलीकडे त्याने काही मागितले नव्हते.

एकोणीस मे रोजी पत्र आले. निवास तीन जूनला बंद होणार होता. टॉर्ग्नीला गावातच, उत्तरेकडच्या इमारतीत खोली. आल्फहिल्डला चाळीस किलोमीटरवरचे विशेष केंद्र. ‘प्रत्येकाच्या गरजेनुसार’ हे शब्द ठळक अक्षरांत होते.

जेवणाच्या खोलीत गडबड झाली नाही. यॉरान नावाचा, पूर्वी जहाजावर इंजिनिअर असलेला म्हातारा, माझ्या बादलीला कुठली खोली मिळाली तेवढे बघ, असे टॉर्ग्नीला म्हणाला. दोघे-तिघे हसले आणि बाकीच्यांनी मीठ मागितले. टॉर्ग्नीने सर्व जोडपत्रे वाचली. तिसऱ्याच्या तळाशी, बारीक टायपात, निवास चालवणाऱ्या मंडळाने तो बंद करण्याचा निर्णय घेतल्याची तारीख होती: अकरा मार्च.

तो मॅडेलेनकडे गेला. या देशात राजा सोडून सगळेच एकमेकांना एकेरीत बोलतात; मॅडेलेनच्या एकेरीला मात्र बाळाला भरवण्याचा सूर असे.

“अकरा मार्चलाच तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“अरे टॉर्ग्नी, तुम्हा सगळ्यांचा उत्साह कशाला मोडायचा?”

“पस्तीस दिवसांत बटाटा होत नाही.”

“बटाटा महत्त्वाचा नव्हताच रे. लावण्यातला आनंद महत्त्वाचा.”

तिचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता. लबाडी असती, तर भांडता तरी आले असते. तूच यातला जाणकार, असे म्हणत तिने उपक्रमाच्या मूल्यमापनाचा अर्ज त्याच्या हाती दिला. जिन्यात टॉर्ग्नीने स्वतःचा राग शोधून पाहिला, खिशात चष्मा शोधावा तसा. तो नव्हता.

तीन जूनच्या सकाळी त्याने तिची बादली जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. पांढरी मुळे, सुरकुतलेला बियाण्याचा बटाटा आणि सहा नवे. सर्वांत मोठा बोराएवढा, सर्वांत धाकटा वाटाण्याएवढा. मातीतला जिन्नस स्वयंपाकघरात घेता येणार नाही, असे आचाऱ्याने नियम दाखवून सांगितले. टॉर्ग्नीने ते आपल्या खोलीतल्या विजेच्या किटलीत घातले. पाणी उकळले की खटका आपोआप बंद होई. तो पुन्हा दाबी. अकरा वेळा दाबला. शेपू नव्हता, मीठ होते.

आल्फहिल्ड कोट घालून बसली होती. केंद्राचे नाव लिहिलेली चिठ्ठी तिच्या बॅगेला बांधलेली होती. टॉर्ग्नी त्या बॅगेवरच बसला. चमचा पाहून तिने ओठ मिटले. मग त्याने एक बटाटा तिच्या तळहातावर ठेवला. बोटे मिटली, त्यांनी तो फिरवून पाहिला, अंगठ्याने साल सरकवले. तिने तो तोंडात टाकला. एकेक करून साही. मग तिने त्याच्याकडे पाहिले.

“कोणी उकरले?”

“मी.”

“मिडसोमर झाला?”

“नाही.”

“मग? तुला ना, कधी दम धरवलाच नाही. ऊठ टेबलावरून.”

खुलासा करता आला असता. मंडळ, तिसरे जोडपत्र, अकरा मार्च. दारात गाडी उभी होती आणि ओरडा, म्हटले तर, त्याच्या ओळखीचा होता. टेबल नव्हतेच, तरी तो उठला. बॅग मोकळी झालेली पाहून गाडीवरच्या माणसाने ती उचलली, दुसऱ्याने खुर्ची वळवली. तिने मागे पाहिले नाही. टेबलावरून उठवलेल्या माणसाकडे ती सण संपेपर्यंत पाहत नसे.

खोलीत येऊन त्याने किटली विसळून पालथी घातली. ती निवासाची होती, कोरडी करून परत द्यायची होती. मग अर्ज पुढे ओढला. सहभागींची संख्या: बावीस. रहिवाशांचा प्रतिसाद: चांगला. त्याखाली रकाना होता, ‘पीक काढल्याची तारीख’. निरीक्षकाच्या जुन्या, सरळ अक्षरांत त्याने लिहिले: अकरा मार्च. आणि सही केली.