काय हरवलं?

आत्याचं बटणांचं दुकान बंद होणार, हे घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला सोडून. मी तिची भाची, टकळी. हे नाव तिनेच ठेवलंय, तोंड मिटत नाही म्हणून. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा घ्यायला टपलेलाच होता. मी म्हटलं, मला दे, मी चालवते. आत्या म्हणाली, "आणि गिऱ्हाईक? शनिवारपर्यंत तुझ्या त्या इंटरनेटवरून एक खरंखुरं गिऱ्हाईक आण. किल्ली तुझी."

एक? एक काय घेऊन बसलीये ही बाई!

दुकानात भिंतभर डबे आहेत, सगळे सुट्या बटणांचे. हरवलेल्या बटणाचं वर्णन पाठवा, जोडीचं शोधून देतो, अशी वेबसाइट मी बनवली होती. तिची लिंक टाकली एका चर्चेच्या साइटवर. तिथे लोक लिंका टाकतात, खाली भांडतात, आणि वाचकांची मतं पडली की पोस्ट वर चढते. मी मथळा दिला झोकात: 'बटणांच्या दुनियेत क्रांती!' कुणी ढुंकून बघेना. म्हणून घरच्यांना सांगितलं, जरा मतं द्या. तिथेच माती खाल्ली.

सगळे काकाकडे जेवायला जमले होते. सगळ्यांनी तिथल्या तिथे, काकाच्याच वायफायवर, नवी खाती उघडली आणि धडाधड मतं दिली. वर काकाची कमेंट, "अभिनंदन! अशीच प्रगती करत राहा." काकूची, "खूप छान बेटा." चुलतभावाने गुलाबाची फुलं टाकली. साइटला वाटलं, ही भाड्याची टोळी. पोस्ट गायब! आमच्याकडे प्रेम घाऊकच मिळतं, त्याला कोण काय करणार?

पाय आपटत दुकानात गेले. एक म्हातारे गृहस्थ कोट घेऊन उभे होते. आत्याने मान वर न करता नेहमीचंच विचारलं, "काय हरवलं?" 'काय हवंय' असं ती कुणालाच विचारत नाही. आणि गृहस्थ बोलत सुटले, कोट कुठे घेतला, बटण कुठे पडलं. लहानपणापासून ऐकतेय मी हे. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला.

साइट सांभाळणाऱ्यांना खरं ते लिहिलं: मतं घरच्यांची होती, चूक माझी, परत टाकू का? ते हो म्हणाले. घरच्यांना दम भरला, बोट लावाल तर खबरदार! नवा मथळा साधा: 'माझ्या आत्याकडे भिंतभर सुटी बटणं आहेत. तुमचं कुठलं हरवलं?'

पहिलीच कमेंट आली, "बटणं कोण शोधतं हल्ली? नवीन शर्ट घ्या की." माझं टाळकं सटकलं. त्याची चांगली खरडपट्टी काढायला घेतली, तर आत्या मागून म्हणाली, "थांब गं. त्याला विचार, तुझं काय हरवलं?"

विचारलं. मग उत्तर आलं, "हिरवं, चौकोनी. आईच्या स्वेटरचं. ती नाहीये आता."

आत्या उठली. चष्मा लावला, शिडी ओढली आणि डबे उतरवायला लागली. बटण सापडलं तेव्हा तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "फोटो नीट काढ हं." त्या फोटोखाली लोकांची रीघ लागली. कुणाचं शाळेच्या कोटाचं, कुणाचं लग्नातल्या झग्याचं. पोस्ट चढत चढत पार वर. आत्या सांगतेय, मी टाइप करतेय, मध्येच ती ओरडतेय, "अगं हळू लिही, त्याला वाटेल आपण गडबडीत आहोत!"

शनिवारी मी ऐटीत हात पुढे केला. आत्या डब्यात डोकं घालून बसली होती.

"काय हरवलं?" तिने विचारलं.

"किल्ली."

तिने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली, पण सोडली मात्र नाही.

"ही तुझीच," ती म्हणाली. "पण जाताना अशीच दुसरी करून आण. उद्या मला लवकर उघडायचंय."